रविवारचा पारा

आमच्या वर्गात कुणालाच नाव नव्हतं. हजेरीपटावर होतं, पण मगदूम सर तो पट कधी उघडत नसत. ते आम्हाला गावाच्या नावानं हाक मारायचे. "ए गळतगा, फळा पूस." "बोरगाव, खिडकी उघड." सदलग्याचे दोघे होते, म्हणून सदलगा एक आणि सदलगा दोन. सर स्वतःही सदलग्याचेच. पण त्याचा त्या दोघांना काहीच फायदा झाला नाही. उलट त्यांचं गणित चुकलं की सर मान हलवून म्हणत, "आमच्या गावचं पाणी बिघडलं." मी संकेश्वर होते. आजही बसस्टँडवर कुणी "संकेश्वर, संकेश्वर" असं ओरडलं की मी आधी दचकते, आणि मग कळतं की हा कंडक्टर आहे.

निपाणीच्या आमच्या कॉलेजात ते जवळजवळ तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होते. त्याआधी बेंगळूरच्या एका मोठ्या संस्थेत वातावरणावर संशोधन करत होते आणि तिथून भांडून आले, असं सगळे म्हणत. कशावरून भांडले ते कुणी विचारलं नाही. ज्यानं त्यांना एकदा बोलताना ऐकलं होतं, त्याला ते विचारावंसं वाटत नसे.

मला त्यांनी पहिल्यांदा हाक मारली ती प्रॅक्टिकलच्या वहीवरून. मी आलेख काढला होता. सगळे ठिपके एका रेषेत येत होते, एकच वर राहत होता. तो मी खोडून थोडा खाली घेतला होता. सरांनी वही खिडकीकडे धरली.

"संकेश्वर, हा ठिपका आधी कुठं होता?"

"थोडा वर होता, सर."

"मग खाली कुणी आणला? तुझा बाप काय करतो?"

"बेळगावला, उद्यमबागच्या फाउंड्रीत आहेत, सर. मोल्डर आहेत."

"त्यानं वाकडा साचा असा दाबून सरळ दाखवला, तर काय होईल?"

"कास्टिंग रिजेक्ट होईल."

"आणि त्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेतील?"

सर म्हणाले, "तू मात्र पास होणार. बापापेक्षा तुझं सोपं हाय." मग त्यांनी ते पान घडीवर नीट फाडलं, रागानं नव्हे, कापड दुकानात फाडतात तसं, आणि अर्धं पान माझ्या वहीत परत ठेवलं.

आप्पा उद्यमबागला चौघांच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी संध्याकाळी घरी यायचे. त्या शनिवारी त्यांच्या हातावरचे भाजल्याचे डाग पाहून मला ते सगळं सांगावंसं वाटलं. मी नाही सांगितलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तिथं काय शिकवतात असं आईनं विचारलं की मी काहीतरी चांगलंच सांगायची.

सरांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक थर्मामीटर असे, पितळी नळीत. चहा आला की ते तो चहात बुडवत, आकडा बघत, आणि मगच कप उचलत. लग्नाला गेले की मांडवातलं तापमान मोजून यजमानाला सांगत, "म्हाताऱ्यांना बाहेर बसवा, आत शिजतील." दुसरी सवय जेवणाची. ते जैन घरातले, सूर्यास्ताआधी जेवण उरकायचं हा नियम. पण सर पंचांग बघत नसत. रोजचा सूर्यास्त मिनिटापर्यंत त्यांच्या डोक्यात असे. समोर कुणीही बोलत असो, वेळ झाली की पिशवीतला डबा घेऊन ते बाहेर जात आणि मैदानातल्या पांढऱ्या पेटीशेजारी बसून जेवत.

ती पांढरी पेटी त्यांची होती. चार पायांवर उभी, बाजूंना तिरप्या फळ्या, वारा आत येणार आणि ऊन येणार नाही अशी. आत थर्मामीटर. त्यातल्या एकाचा पारा दिवसभरात जिथवर चढेल तिथंच थांबून राहतो, झटकल्याशिवाय खाली येत नाही. रोज सकाळी साडेआठला तो आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, पारा झटकून खाली आणायचा. सव्वीस वर्षं. वह्या त्यांच्या कपाटात वर्षाच्या क्रमानं उभ्या होत्या. त्या कपाटाला ते देवघर म्हणत, आणि तिथं चप्पल घालून गेलेल्या एका मुलाला त्यांनी खरंच बाहेर काढलं होतं.

सरांचा एक नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरूनच झालं.

बोरगावचा मुलगा हुशार होता. एकदा फळ्यावर सरांचीच चूक झाली, एक चिन्ह उलटं पडलं. त्याला ते दिसलं. तास संपल्यावर तो केबिनमध्ये गेला आणि अदबीनं सांगून आला. दुसऱ्या दिवशी सरांनी त्याला उभं केलं.

"ह्यानं काल माझी चूक काढली. बरोबर काढली. पण कुठं काढली? दार लावून, केबिनमध्ये. तोवर चाळीस जणांनी ती चूक वहीत उतरून घेतली होती. ह्याला माझी लाज झाकायची होती. माझी लाज मोठी, का चाळीस वह्या मोठ्या?"

बोरगाव म्हणाला, "सॉरी, सर."

"चूक दिसली तर तिथल्या तिथं उभं राहायचं. समोर कोण हाय बघायचं न्हाय. मागनं येऊन कानात सांगणाऱ्याला मी विद्यार्थी म्हणत न्हाय, चहाडखोर म्हणतो. आता तास संपेपर्यंत उभा राहा. सवय होऊ दे."

तो तासभर उभा राहिला. पुढच्या वर्षी त्यानं विषय बदलला. कँटीनमध्ये भेटला की म्हणायचा, "तुमचा पारा कसा हाय?" आणि हसायचा नाही.

सर एका माणसाला मात्र कधी रागावत नसत. प्रयोगशाळेचे शिपाई बसाप्पा. मी कॉलेजात आले त्याच्या आधीच्या वर्षी ते निवृत्त झाले होते, तरी अधूनमधून यायचे आणि सरांच्या टेबलापाशी स्टुलावर बसायचे. दोघं कन्नडमध्ये काहीतरी बोलत आणि हसत. सरांना हसताना बघायचं तर बसाप्पाकाका यावे लागत. ते नोकरीत असताना सर महिन्यातले दोन-तीन रविवार आईला भेटायला सदलग्याला जात. त्या दिवशीचा, आणि सर परतायच्या आत सोमवार सकाळचाही आकडा बसाप्पाकाका लिहीत. ते निवृत्त झाल्यापासून रविवारचं काम हॉस्टेलच्या मुलांकडे होतं, आणि आठ पस्तीसला आलेल्या मुलाला सर परत पाठवत.

आता ते दुसरं यंत्र. सरकारी योजनेतून आमच्या कॉलेजला एक स्वयंचलित हवामान केंद्र मिळालं. ते गच्चीवर बसवलं, कारण तिथं वायर सोपी जात होती. खाली कँटीन. कँटीनचा धूर काढणारा पंखा गच्चीच्या त्याच कोपऱ्यात उघडत होता. यंत्राचे आकडे थेट जिल्ह्याला जात, आणि तिथल्या पडद्यावर निपाणी लाल दिसे. आमचं शहर दोन अंशांनी तापलं असं जाहीर झालं. त्यावरून जिल्ह्याचा हवामान आराखडा तयार व्हायला लागला, कॉलेजला त्यात नवं केंद्र मिळणार होतं, आणि प्रकल्पाचे प्रमुख झाले आमच्याच कॉलेजातले नाईक सर. ते वाईट नव्हते. विद्यार्थ्यांशी गोड बोलायचे, नावानं हाक मारायचे.

मगदूम सरांनी एक दिवस आमचा वर्ग गच्चीवर नेला. अकराला पाच मिनिटं कमी होती. खाली कँटीनवाल्यानं मिरची भज्यांचा घाणा टाकला. पंखा सुरू झाला. सरांनी मोबाइलवर जिल्ह्याचा पडदा उघडून आमच्यापुढे धरला. रेघ चढायला लागली, आदल्या दुपारच्या सगळ्यांत वरच्या आकड्याच्याही वर गेली.

"बघा," सर म्हणाले. "पृथ्वी अकराला तापती. सव्वा अकराला भजी संपली की गार होती. रविवारी कँटीन बंद. रविवारी पृथ्वीला पण सुट्टी."

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. "हसताय काय? ह्या भज्यांवर जिल्ह्याचा आराखडा व्हायलाय."

त्यांनी वर्तमानपत्रात पत्रं लिहिली. पृथ्वी तापते आहे हे खरं, पण किती ते मोजल्याशिवाय सांगू नका, असं त्यात असे. दुसरं असे सरकारच्या विज्ञान धोरणाबद्दल. पडद्यांना निधी आहे, पण रोज जाऊन बघणाऱ्या माणसाची जागा रद्द केली. यंत्र आणलं, ते कुठं बसवलं हे बघायला कुणी आलं नाही. जो जास्त तापेल त्याला जास्त निधी, मग तापायला काय जातंय. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेनं बदनामी केल्याची नोटीस दिली. सरांनी त्या नोटिशीतले दोन आकडे लाल पेनानं दुरुस्त करून ती परत पाठवली.

मग लोकांनी ठरवून टाकलं की सर हवामान बदल मानत नाहीत. स्टाफरूममध्ये त्यांच्या खुर्चीवर कुणीतरी बर्फाच्या गोळ्याचं चित्र चिकटवलं. उलट बाजूची माणसंही आली. बेळगावहून चौघे हार घेऊन आले, हवामान बदल हे थोतांड आहे असं सरांनी कॅमेऱ्यासमोर म्हणावं म्हणून. सरांनी हार हातात घेतला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "पृथ्वी तापतीय. तुमची डोकी पण तापल्यात. न मोजता रडणारा आणि न मोजता हसणारा, दोघं एकाच बाकावरचे. उठा." ते गेले आणि त्यांनीही सरांना शिव्या घालायला सुरुवात केली. त्यानंतर सरांच्या बाजूनं कुणीच उरलं नाही. निदान आम्हाला तरी कुणी दिसलं नाही, आणि आम्ही स्वतःला मोजत नव्हतो.

एका कार्यशाळेला बेंगळूरहून एक मोठे अधिकारी आले होते. ते म्हणाले, "आता आपल्याकडे प्रत्येक मिनिटाचा डेटा आहे."

सर मागच्या रांगेतून उठले. "साहेब, यंत्र चुकीच्या जागी हाय. म्हणजे पूर्वी आपण दिवसातनं एकदा चुकत होतो. आता चौदाशे चाळीस वेळा चुकतोय."

अधिकारी म्हणाले, "आपण सविस्तर बोलू, बसा."

"बसत न्हाय. सूर्यास्त सहा चोपन्नला हाय," असं म्हणून सर डबा घेऊन निघून गेले. अधिकाऱ्यांना तो अपमान वाटला. तो भुकेचा आणि नियमाचा भाग होता, पण ते त्यांना सांगणार कोण.

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत सरांनी मला बोलावलं. सव्वीस वर्षांच्या वह्या कॉम्प्युटरवर चढवायच्या होत्या. मलाच का, ते सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "तू ठिपका हलवणार न्हाईस. एकदा फाडलंय." मला ते कौतुक वाटलं. अजूनही वाटतं.

महिनाभर मी देवघरापाशी अनवाणी बसून आकडे टाकत होते. सरांचं अक्षर बारीक आणि उभं, बसाप्पाकाकांचं गोल, कन्नड वळणाचं. पंधरा दिवसांनी मला एक गोष्ट दिसली. जिथं रविवारी गोल अक्षर होतं, तिथं रविवारचा आणि सोमवारचा आकडा एकच होता. दशांशापर्यंत. एकदा असतं, दोनदा असतं. पण मी मागं जाऊन बघितलं तर वर्षानुवर्षं तसंच होतं. जुळ्या पोरांसारखे दोन-दोन आकडे.

बसाप्पाकाका त्या आठवड्यात आले तेव्हा सर बाहेर गेले होते. मी भीत भीत विचारलं.

ते मनमोकळे हसले. "आक्का, रविवारी मी संकेश्वरच्या बाजारात असायचो. भावाच्या दुकानावर. सोमवारी येऊन बघायचो."

"पण मग रविवारचा आकडा?"

"पारा तिथंच थांबतोय की. सोमवारी बघितलं म्हणून कुठं पळून जातोय? जे दिसलं तेच लिवलं. रविवारच्या घरात पण, सोमवारच्या घरात पण. खोटं एक पण न्हाय लिवलं, देवाशपथ."

ते खरंच बोलत होते. पारा थांबतो, पण दोन दिवसांत जो जास्त तापला त्याच्यावर थांबतो. म्हणजे त्या दोन दिवसांतला गार दिवस वहीत गरम झाला होता. जुनी वर्षं होती त्यापेक्षा गरम दिसत होती. आणि जुनं गरम दिसलं की नवी वाढ कमी दिसते. सरांचं सगळं म्हणणं याच वह्यांवर उभं होतं.

मी सरांना सांगायला हवं होतं. पहिल्यांदा गेले तेव्हा ते कुणाला तरी फाडून खात होते, मी परत आले. दुसऱ्यांदा त्यांच्या घरी गेले. ते जेवत होते, ऊन उतरलं होतं. "काय, संकेश्वर?" मी म्हटलं, "काही नाही, सर. वह्या झाल्या." ते म्हणाले, "मग उभी का? जा." मला बोरगाव आठवला. केबिनमध्ये सांगितलं तर चहाडखोर. वर्गात उभं राहून सांगावं तर सुट्टी, वर्गच नाही. कॉलेज सुरू झाल्यावर सांगू, असं मी ठरवलं. कॉलेज सुरू झालं आणि पुढच्याच आठवड्यात ती जाहीर बैठक आली.

आराखड्याची बैठक आमच्याच हॉलमध्ये होती. जिल्ह्याचे अधिकारी, संस्थेचे अध्यक्ष, गावातले व्यापारी, शेतकरी, आम्ही विद्यार्थी. नवं हवामान केंद्र मैदानात, सरांच्या पेटीच्या जागी बांधायचं होतं. मगदूम सर त्यांच्या सगळ्या वह्या कापडी पिशव्यांत घालून आले होते. टेबलावर वर्षाच्या क्रमानं लावल्या आणि बोलायला उभे राहिले. त्या दिवशी ते फार नीट बोलले. टोमणे नाहीत, काही नाही.

"माझं मागणं एवढंच हाय. गच्चीवरचं यंत्र खाली आणा. माझ्या पेटीशेजारी उभं करा. एक वर्ष. दोघं काय म्हणतात बघू. मग पेटी मोडा. पहिली कुदळ मी मारतो."

हॉलमध्ये माना हलल्या. एक म्हातारे व्यापारी म्हणाले, "ह्यात काय वंगाळ हाय? बघा की एक वर्ष." अधिकारी एकमेकांकडे वाकून बोलायला लागले. तेवढ्यात नाईक सर गोड आवाजात म्हणाले, "सर, तुमच्या तपश्चर्येबद्दल आदर आहेच. पण या हातानं लिहिलेल्या वह्या. त्यांच्यावर किती विसंबायचं?"

मगदूम सरांनी वह्यांवर हात ठेवला. "सव्वीस वर्षं हाईत. ह्यात एक आकडा चुकीचा दाखवा. मी इथंच गप्प बसतो. जन्मात परत ह्या विषयावर तोंड उघडत न्हाय." आणि ते हॉलभर बघायला लागले. रांग रांग, वर्गात बघतात तसं.

मी उभी राहिले.

का, ते मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय. चूक दिसली की तिथल्या तिथं उभं राहायचं, हे त्यांचंच शिकवणं होतं. ते खरं. पण त्यांनी मला कधीतरी 'बरोबर' म्हणावं, हेही माझ्या मनात होतं. तेही खरं.

"संकेश्वर," सर म्हणाले. "बोल."

मी सांगितलं. जुळे आकडे, गोल अक्षर, संकेश्वरचा बाजार. सरांनी एक वही उघडली. मग दुसरी. मग तिसरी. बोट रविवारवर ठेवायचे आणि सोमवारवर आणायचे.

"बरोबर हाय," ते म्हणाले.

दोन वर्षांत ते मला पहिल्यांदा म्हणाले.

मग अध्यक्षांकडे वळून म्हणाले, "मी सगळ्या पोरांच्या वह्या तपासल्या. बसाप्पाची न्हाय तपासली. फरक किती पडतो ते काढावं लागंल. फार पडणार न्हाय. एक आठवडा द्या."

अध्यक्ष हसले. "सर, शब्द तुमचाच हाय. एक आकडा म्हणालता. पोरीनं शेकड्यानं दाखवले."

हॉल हसला. मागून कुणीतरी ओरडलं, "सर, थर्मामीटर चहातच घाला, तिथं चुकत न्हाय." मग तर सगळेच हसले. ते म्हातारे व्यापारीही. नाईक सरांनी माइकवर माझं नाव घेतलं, "शाब्बास बेटा," म्हणाले, आणि टाळ्या झाल्या. मगदूम सरांनी वह्या एकेक करून पिशव्यांत भरल्या. वर्षाचा क्रम चुकू दिला नाही. मग ते खाली बसले आणि गप्प बसले.

ते खरंच गप्प बसले. त्यानंतर त्यांचं एकही पत्र आलं नाही. वर्गात ते शिकवत, पण हवामानाचं नाव नाही. पोरं मुद्दाम विचारत, "सर, आज गरम लई हाय न्हाय?" सर फळ्याकडे वळत.

वर्तमानपत्रात माझा फोटो आला. शिपायानं मनाचे आकडे भरले, असं त्या बातमीत होतं. बसाप्पाकाकांच्या मुलानं ती त्यांना वाचून दाखवली. त्यानंतर ते कॉलेजच्या रस्त्यानं दिसले नाहीत. आमच्या गल्लीत माझा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. आप्पा नवा शर्ट घालून पुढच्या खुर्चीत बसले होते, हात मांडीखाली दाबून, डाग दिसू नयेत म्हणून. कुणीतरी भाषणात म्हणालं की मोठ्या प्राध्यापकाला आपल्या पोरीनं गप्प केलं. आप्पांनी टाळ्या वाजवायला हात बाहेर काढले.

त्याच वर्षी सर निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांना डिजिटल थर्मामीटर भेट दिला. कुणाची कल्पना होती माहीत नाही, पण पाकीट उघडल्यावर बरेच जण खाली बघून हसत होते. सरांनी तो हातात धरला. आकडा वाचला. डोक्यावरच्या पंख्याकडे आणि शेजारच्या फोकसकडे एकदा बघितलं. आम्हाला कळत होतं की त्यांना काहीतरी म्हणायचंय. ते म्हणाले नाहीत. पेटी मोडली नाही, कँटीनवाल्यानं मागून नेली. तो तिच्यात कांदे ठेवतो. हवा चांगली खेळते, म्हणतो.

शेवटचा पेपर झाल्यावर मी निपाणीच्या स्टँडवर बसची वाट बघत होते. सर समोर येऊन उभे राहिले. शर्टाच्या खिशातून दोन घडी घातलेले कागद काढले.

"तपास," म्हणाले.

"काय आहे, सर?"

"रविवार. सगळे. ज्या सोमवारी पारा चढलेला होता त्याच्या आजूबाजूचे दिवस धरून काढलंय. सरासरीत फरक पडतो एका अंशाच्या दहाव्या भागापेक्षा कमी. भज्यांचा फरक दोन अंश."

मी कागद घेतले. मी म्हटलं, "सर, हे तुम्ही छापायला द्या की."

"मी बोलणार न्हाय. शब्द दिलाय." बस आली होती. कंडक्टर संकेश्वर, संकेश्वर ओरडत होता. सर म्हणाले, "तू काय शब्द दिलेला न्हाईस."

मी दोन दिवस बसून ते तपासलं. तीनदा. एकही ठिपका हललेला नव्हता. सर बरोबर होते. बैठकीतही बरोबर होते, गच्चीवरही, पत्रांतही. त्यांच्या चुकीनं त्यांचं म्हणणं केसभर हललं होतं, पडलं नव्हतं. ते आम्ही पाडलं होतं.

पण तेव्हा माझ्या हातात दुसराही एक कागद होता. नाईक सरांनी प्रकल्पात प्रकल्प सहायक म्हणून माझं नाव पक्कं केलं होतं. सोमवारी रुजू व्हायचं होतं. आमच्या घरात खुर्चीवर बसून करायचं काम पहिल्यांदा कुणाला तरी मिळालं होतं. आईचे शेजारी पेढे वाटून झाले होते. मी ठरवलं, आधी रुजू होऊ, जरा रुळू, मग योग्य वेळी दाखवू. सरांचे कागद मी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवले. घरी ठेवायला भीती वाटत होती.

नव्या केंद्राचं उद्घाटन झालं तेव्हा मला माहिती सांगायला उभं केलं होतं. जिल्ह्याचे तेच अधिकारी, अध्यक्ष, नाईक सर, बेंगळूरचे पाहुणे. मोठ्या पडद्यावर आमच्या गच्चीवरच्या यंत्राची रेघ. मी बोलायला सुरुवात केली आणि तिसऱ्या रांगेत मगदूम सर दिसले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. मांडीवर डब्याची पिशवी. खिशात पेन आणि पितळी नळी.

मी सांगत गेले. दोन अंश म्हणाले. पडद्यावर रोज अकराला रेघेला एक उंचवटा येत होता, एका दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आणि रविवारी नाही. मला तो दिसत होता. सरांना दिसत होता. बाकी कुणी बघत नव्हतं. माझ्या ड्रॉवरची किल्ली माझ्याच गळ्यातल्या पट्ट्याला होती.

शेवटी विचारायची पद्धत असते, म्हणून मी विचारलं, "कुणाला काही विचारायचं आहे का?"

कुणी हात वर केला नाही. सर माझ्याकडे बघत होते. वर्गात एखाद्याला प्रश्न घालून ते असंच थांबायचे, हाताची घडी घालून, कितीही वेळ. आता प्रश्न घालायचीही मुभा त्यांना नव्हती. ते नुसते थांबले होते. मी माइक धरून उभी होते. आयुष्यात याआधी एकदा मी अशीच उभी राहिले होते, याच माणसासमोर, आणि तेव्हा मला इतका वेळ लागला नव्हता.

सरांनी घड्याळ बघितलं. पिशवी उचलली आणि उठले. खुर्च्यांच्या मधून, कुणाच्या पायाला धक्का लागू न देता, दारापर्यंत गेले. अध्यक्ष नाईक सरांच्या कानात म्हणाले, "चालले. सूर्यास्त झाला वाटतं." दोघं हसले.

काचेतून मला बाहेरचं मैदान दिसत होतं. पेटीचे चार पाय जिथं होते तिथं आता फरशी आहे. सर तिथंच खाली बसले. डबा उघडला. ऊन अजून भिंतीवर होतं, चार-पाच मिनिटांचं. ते पाठमोरे होते आणि जेवत होते.

नाईक सरांनी खूण केली. मी पुढची स्लाइड लावली.